ताट आपलं, भूक मुलाची

वैजापूर तालुक्यातल्या भादली गावात कुपोषणाने बालमृत्यू झाल्याची बातमी २००१ मध्ये आली आणि लहान मुलांचं वजन हा मराठवाड्यात आयुक्तालयाच्या बैठकीचा विषय झाला. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांना एकत्र बसवलं आणि सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून केली. सहा वर्षांच्या आतलं प्रत्येक मूल अंगणवाडीच्या काट्यावर आलं पाहिजे आणि काटा दाखवेल तेच वजन वहीत उतरलं पाहिजे. तोवर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं, म्हणजे वयाच्या मानाने निम्म्याच्या आसपास वजन असलेली, कागदावर फारशी दिसतच नसत. या कामातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले आणि मुख्यालय मुंबईला न जाता याच शहरात राहिलं, ही त्या काळी थोडी अप्रूपाचीच गोष्ट. दोन वर्षांच्या आतल्या खुरट्या मुलांचं प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांवर आलं. त्याचं श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही, पण वजनकाट्याने जीव वाचवले हे नाकारायचं काही कारण नाही.

हा काटा अंगणवाडीत होता तोवर उपकरण होता. घरात आला आणि त्याचा निकाल झाला. मुलाचं वजन वाढलं की आई पास, घटलं की नापास. तेराव्या महिन्यात मूल तोंड फिरवायला लागलं की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची नजर आईकडे जाते आणि मग घास भरवण्याची मोहीम सुरू होते: चिऊ-काऊ, गच्ची, गाडीवरून फेरी, आणि अलीकडे मोबाईल. त्याच घरात नऊ वर्षांची चुलतबहीण दुसरी पोळी मागते तेव्हा तिला ‘पुरे आता, अंग बघ’ असं ऐकावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची होती, आणि आधीच्या फेरीत १.९ टक्के असलेलं जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण ४.१ टक्क्यांवर गेलं होतं. दोन्ही टोकं आता एकाच गल्लीत, कधी एकाच छपराखाली राहतात. म्हणून आपण दोन वेगळे नियम करतो, बारक्याला ‘खा’ आणि गुटगुटीताला ‘नको’. या दोन्ही आज्ञा मुलाचं एकच नुकसान करतात: स्वतःची भूक आणि स्वतःचं भरलेलं पोट ओळखण्याची त्याची उपजत जाण बोथट करतात. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात पालकांसाठी कामाची एक वाटणी सुचवली. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. एवढी एकच वाटणी बारक्यालाही चालते आणि जाड्यालाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जिथे एकाच वस्तीत कुपोषण आणि लठ्ठपणा दोन्ही भेटतात, तिथे तर ती जास्तच उपयोगी आहे.

पहिली अडचण अशी की मुलं नेमकी किती वाढतात याचा आपल्याला अंदाज नसतो. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होताना साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलोंची भर. दुसऱ्या वर्षी भर पडते अडीच-तीन किलोंची, आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला दोनेक किलोंचीच. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला तर भूकही खाली येणारच. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ‘डॉक्टर, हा काही खातच नाही’ ही तक्रार बरोबर याच वयात येते, यात नवल नाही. चालायला लागल्यापासून पाच-सहा वर्षांपर्यंत मुलं उंचीच्या मानाने सडपातळ होत जातात, बाळसं उतरतं, फासळ्या दिसायला लागतात, आणि हे निरोगी मुलात व्हायलाच हवं. आपल्याकडे मात्र बाळसं म्हणजे सुबत्ता. ते उतरलं की काहीतरी बिघडलं, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ज्या घरांनी दुष्काळ पाहिला त्यांनी ती का जपली हे समजण्यासारखं आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजीला नातवाच्या गालावरचं मांस म्हणजे बँकेतली ठेव वाटणारच. मुलाची वाढ ठीक आहे की नाही हे गालावरून ठरत नाही. एका महिन्याच्या वजनावरूनही ठरत नाही. वाढीच्या तक्त्यावर चार-सहा महिन्यांत उमटलेल्या रेषेवरून ते कळतं. ती रेषा आपल्या पट्ट्यात चढत असेल तर एका जेवणात अर्धी पोळी शिल्लक राहिली म्हणून झोप घालवण्याचं कारण नाही.

जबरदस्तीने उपयोग होत असता तर तिचं समर्थन तरी करता आलं असतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक एमी गॅलोवे, लिअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांना काही आठवडे दुपारी सूप दिलं. एका सूपच्या वेळी ‘संपव बरं’ असं अधूनमधून सांगितलं जाई, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोलत नसे. आग्रह नसलेलं सूप मुलं जास्त प्यायली आणि आग्रहाच्या सूपबद्दल कुरकुर जास्त झाली. कुणी ओरडलं नव्हतं, गाल दाबले नव्हते. नुसती आठवण करून दिली जात होती. बक्षिसाचंही असंच. बर्च यांच्याच १९८४ च्या प्रयोगात, एक पेय प्यायल्यावर ज्या मुलांना बक्षीस मिळालं त्यांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडू लागलं. ‘पालक खाल्लास तर चॉकलेट’ या सौद्यातून मूल दोन गोष्टी शिकतं: पालक ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही कमवायची. वयाचाही एक बारकावा आहे. २००० साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी ताटात कमी वाढलं काय नि जास्त वाढलं काय, जवळपास तेवढंच खाल्लं. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं तर जास्त खाऊन उठली. पोटाऐवजी ताटाकडे बघून खाणं आपण मुलांना या दोन-तीन वर्षांतच शिकवतो, आणि पुढे तिशीत त्यांचं वजन वाढलं की ‘पोटाचं ऐकत जा’ असं त्यांनाच सांगतो.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो मराठवाड्यातूनच यायला हवा. जिथे मुलं उपासमारीने खंगली तिथे ‘किती ते मुलावर सोडा’ हे पोटभर जेवणाऱ्यांचं तत्त्वज्ञान नाही का? याचं उत्तर कुपोषणावरच्या उपचारांतच सापडतं. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेलं मूल अतितीव्र कुपोषित धरलं जातं. त्याला गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात ठेवायचं की रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे ठरवण्याची एक पायरी म्हणजे भूक चाचणी. मुलाला शांत जागी आईच्या मांडीवर बसवतात, जवळ पाणी ठेवतात, ऊर्जादायी आहाराचं पाकीट आईच्या हातात देतात आणि मूल स्वतःहून किती खातं ते बघतात. कोंबायचं नाही, हा या चाचणीचा नियमच आहे, कारण कोंबून खाऊ घातलं तर चाचणीलाच अर्थ उरत नाही. मुलाने खाल्लं तर ते केंद्रात बरं होऊ शकतं. नाही खाल्लं तर आत जंतुसंसर्ग किंवा दुसरं काही गंभीर आहे असं समजून त्याला रुग्णालयात हलवतात. म्हणजे सर्वांत खंगलेल्या मुलाच्या बाबतीतही भूक ही वैद्यकीय खूण मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पूरक आहाराबद्दल हेच सांगितलं आहे: सावकाश, धीराने, मुलाकडे बघत, बोलत भरवा, प्रोत्साहन द्या, जबरदस्ती करू नका. खुरटलेल्या मुलाला अधिक वेळा, अधिक दाट, अधिक तेलाचं आणि डाळीचं अन्न पुढे करावं लागतं, यात वाद नाही. ते ‘काय’ आणि ‘कधी’ या मोठ्यांच्या वाट्यातलं काम आहे, आणि खरी उणीव तिथेच असते. पातळ वरणाच्या पाण्यात कुस्करलेला भात दिवसातून दोनदा भरवला तर मूल पोट भरूनही कुपोषितच राहील. त्यात दोष त्याच्या भुकेचा नसतो.

दुसऱ्या टोकाकडे वळलं की आवाज बदलतो. तिथे चिंतेपेक्षा थट्टा जास्त. जाड्या, ढब्बू, गोलू, हत्तीचं पिल्लू. आणि बारक्यांसाठी काडीपैलवान, हाडक्या. प्रेमाने म्हणतो, असं सांगितलं जातं. पण मुलं हे प्रेम नेमकं कोणत्या अर्थाने घेतात? तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून त्यातलं वाईट पात्र कोणतं असेल असं विचारल्यावर ती जाड मुलाकडे बोट दाखवतात, हे फीबी क्रेमर यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं. आणि स्वतः जाड असलेली मुलंही त्याला अपवाद नव्हती. आपल्याकडे ‘छोटा भीम’ लावून बघावं: भीमाने लाडू खाल्ले की ताकद येते, आणि आडदांड कालिया खातो तेव्हा तो खादाड, दांडगट आणि हसण्याचा विषय. खाणं तेच, अर्थ शरीरावरून ठरतो. हे धडे शाळेत नाव घालायच्या आधीच पक्के होतात.

‘पण लठ्ठपणा वाईटच आहे, तो वाईट म्हणून सांगायला नको का?’ हा दुसरा आक्षेप, आणि डायबिटीस घरोघरी आलेल्या महाराष्ट्रात तो हसण्यावारी नेता येणार नाही. त्याचा पहिला भाग तपासण्यासारखा आहे: सांगून वजन घटतं का? ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या एका दीर्घ अभ्यासाचं विश्लेषण एरिक रॉबिन्सन आणि अँजेलिना सुटिन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना त्यांचे पालक ‘जादा वजनाचं’ समजत होते, त्यांचं वजन पुढे बारा-तेरा वर्षांपर्यंत इतरांपेक्षा जास्तच वाढलं, आणि सुरुवातीला ते मूल खरोखर जाड होतं की नव्हतं याने त्यात फरक पडला नाही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. पण शिक्का मारल्याने मूल सडपातळ होतं या समजुतीला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार हीच रोगाची खूण, तो तर पुण्यातच खोटा ठरला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के. म्हणजे ज्याला आपण ‘खातो तरी अंगाला लागत नाही’ म्हणून बिनधास्त फरसाण देतो, तो बारका भाऊही धोक्याबाहेर नाही. मग मैदान, झोप, डाळी-भाज्या आणि कमी साखर ही जाड मुलीला दिलेली शिक्षा कशासाठी? घरातल्या सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करावा आणि त्याचं कारण देताना कुणाच्या पोटाकडे बघू नये.

‘किती ते मुलावर सोडलं तर पोरगं दिवसभर कुरकुऱ्यांवरच राहील’, ही भीती वाटणीचा अर्धाच भाग ऐकल्यामुळे येते. काय आणायचं हे मुलाने ठरवायचंच नाही. पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा घरात लटकत नसतील तर त्यावर रोज वाद घालावा लागत नाही. मात्र वस्तू घरात आणून, डब्यात बंद करून, वरच्या फळीवर ठेवून ‘हात लावायचा नाही’ म्हणणं हा सर्वांत वाईट मार्ग. फिशर आणि बर्च यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की समोर दिसणाऱ्या पण मनाई केलेल्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलतात आणि जास्त मागतात. गुलमंडीवरून येताना इमरती घेतली तर ती जेवणासोबत सगळ्यांच्या ताटात एकेक वाढावी आणि विषय संपवावा. ‘कधी’ हा भागही तितकाच मोलाचा आहे: दोन खाण्यांमध्ये दोन-तीन तास मोकळे गेले नाहीत तर भाजी-भाकरीसाठी भूक उरेल कुठून? आणि ‘काय’ ही जबाबदारी एकट्या आईवर टाकून चालत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. शहरातल्या कुठल्याही शाळेसमोर मधल्या सुट्टीत उभं राहून हे ५० मीटर मोजून बघावेत. दुसरीकडे शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं आलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा राज्याचा पैसा थांबला. आपल्या भागात अंड्याइतकी स्वस्त प्रथिनं दुसरी कोणती मिळतात, याचं उत्तर निर्णय घेणाऱ्यांनी द्यायला हवं होतं.

अन्न टाकण्याचा आक्षेप मात्र मनापासून येतो आणि त्याला उडवून लावणं उद्धटपणाचं होईल. ज्वारी पिकवणाऱ्या घरात पानात उरलेला घास म्हणजे अपराध. पण त्याचा बंदोबस्त मुलाच्या घशात करायचा की वाढपात? जुन्या पद्धतीचं पान आठवावं: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे चमचा-चमचा, भाजी उजवीकडे, भाताची लहानशी मूद, आणि वाढणारा पुन्हापुन्हा फिरून विचारणारा. एकदम काहीच ओतलं जात नसे. तीन वर्षांच्या मुलाला चतकोर भाकरी, दोन चमचे पिठलं, चमचाभर अंबाडीची भाजी वाढली आणि ‘अजून हवं का’ विचारलं तर वाया जाऊन जाणार किती? न आवडणारी भाजी चमचाभरच, पण पुन्हापुन्हा पानात येऊ द्यावी. नव्या चवीशी ओळख व्हायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच ‘ह्याला कारलं चालत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. येसराची आमटी मोठी माणसं चवीने भुरकताना दिसली तर मुलाचं बोट आज ना उद्या वाटीत जातंच. त्यासाठी एकत्र बसून जेवायला मात्र लागतं. वाळूजला पाळीत काम करणाऱ्या आईवडिलांना रोज ते जमणार नाही, ही खरी अडचण. आठवड्यातली चार जेवणं जमली तरी चालतील, आणि त्या वेळी टीव्ही बंद राहिला तर उत्तम.

एवढं करूनही मुलाला सर्वांत जास्त शिकवतं ते मोठ्यांचं स्वतःविषयीचं बोलणं. गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीने मराठी घरांत मोठी लाट आणली. तिच्या गुणदोषांवर तज्ज्ञ भांडत राहतील. मोठ्या माणसाने विचारपूर्वक दोनदा जेवायचं ठरवलं तर तो त्याचा प्रश्न आहे. पण तीच व्यक्ती ताटावर बसून ‘भात म्हणजे विष’, ‘आज पाप केलं, लाडू खाल्ला’ असं बोलत असेल तर शेजारी बसलेली सहा वर्षांची मुलगी लाडवाऐवजी पापच चघळते. वाढत्या मुलाला तीन जेवणं आणि मधलं खाणं लागतं. मोठ्यांचं पथ्य त्याला लागू नाही, हे त्याच्यासमोर निदान एकदा तरी स्पष्ट सांगावं. लग्नात भेटणाऱ्या आत्या-मावश्यांचं पहिलं वाक्य ‘किती वाळलीस’ किंवा ‘किती सुटलीस’ हेच असतं. त्यांची तोंडं बंद करता येणार नाहीत. पण आईने तिथल्या तिथे ‘ती पोहायला शिकतेय, विचारा तिला’ म्हणून विषय वळवला तरी मुलीला कळतं की घर कुणाच्या बाजूला आहे.

वजन घेणं थांबवावं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अंगणवाडीत दर महिन्याला ते व्हायलाच हवं आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा शाळेत तपासणी करतात, तेही हवंच. फरक आकडा कुणाला आणि कसा सांगायचा यात आहे. काट्यावरच्या मुलाच्या मागे तीस मुलांची रांग असताना वजन मोठ्याने पुकारून दुसऱ्याने लिहायचं, ही पद्धत सोयीची असली तरी बदलायला हवी. लिहिणाऱ्याने काट्याजवळ बसावं, रांग दाराबाहेर ठेवावी, शेरा ‘लठ्ठ’ किंवा ‘कुपोषित’ असा वहीच्या कव्हरवर नसावा आणि काळजी करण्यासारखं काही असेल तर पालकांना वेगळं बोलावून, आधीच्या महिन्यांची रेषा दाखवून सांगावं. जिथे पालकसभेत वजनाची यादी वाचली जाते तिथे ती थांबवायला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर पुढच्या तपासणीपासूनच ते होऊ शकतं.